गांधी बझार ते गँगवे

बेंगळुरूच्या बसवनगुडीहून रस्त्याने समुद्र गाठायचा तर साडेतीनशे किलोमीटर तरी तुडवावे लागतात. पूर्वेला चेन्नई, पश्चिमेला मंगळुरू, आणि मधे आपण समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर. तरी हल्ली ब्यूगल रॉकच्या सकाळच्या फेरीत नाहीतर गांधी बझारात फुलं घेताना क्रूझचा विषय निघतोच. कुणी चेन्नईहून श्रीलंकेला जाऊन आलेलं असतं, कुणी मुंबईहून लक्षद्वीपला. मग प्रश्न सुरू होतात. बोट लागते का? जेवण शाकाहारी मिळतं का? सत्तरीच्या आईबाबांना झेपेल का? सांगतात तेवढ्याच पैशांत होतं का? या प्रश्नांची उत्तरं आणि त्यांच्या जोडीला समुद्राच्या काही झकास गोष्टी इथे देत आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: क्रूझ करावी ती समुद्र पाहायला. जहाजावरचा झगमगाट जमिनीवरही मिळतो.

बसवनगुडीचं पाणी समुद्राला मिळतं
दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते अशी इथली श्रद्धा आहे. वृषभावती अर्कावतीला मिळते, अर्कावती कावेरीला, आणि कावेरी पूम्पुहारजवळ बंगालच्या उपसागराला. शहराच्या सांडपाण्याने आज वृषभावती काळवंडली आहे आणि ते पाहून जीव तुटतो. नदीत टाकलेलं सगळं शेवटी समुद्रातच जातं, हे पठारावर राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवं.

राज्याला समुद्र मिळाला १९५६ साली
टिपूचा पाडाव झाल्यावर १७९९ साली जे म्हैसूर संस्थान उभं राहिलं, त्याला किनाराच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. मुंबई राज्यातून कारवारचा उत्तर कन्नड जिल्हा आला, मद्रासकडून मंगळुरूचा दक्षिण कन्नड आला, आणि बेंगळुरू एका समुद्रकाठच्या राज्याची राजधानी झाली.

चढायचं कुठून?
बेंगळुरूकरांना चार-पाच बंदरं सोयीची आहेत: चेन्नई, कोची, मंगळुरू, गोव्याचं मुरगाव आणि मुंबई. चेन्नईला वंदे भारतने साडेचार तासांच्या आसपास पोहोचता येतं. यशवंतपूरहून वास्कोला जाणारी रेल्वे दूधसागरजवळून जाते आणि थेट मुरगाव बंदराच्या शेजारी उतरवते. मंगळुरूची गाडी सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड या घाटातल्या ५७ बोगद्यांतून जाते. ती दिवसाची मिळाली तर सुट्टी घाटातच सुरू होते. मात्र बहुतेक सफरी मुंबईहून सुटतात. तिथे बॅलार्ड पियरजवळच्या इंदिरा डॉकमध्ये २० सप्टेंबर २०२५ रोजी नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं आहे.

एक नियम पाळाच: जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी बंदराच्या गावी मुक्कामाला जा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही.

मोसम ठरवते नारळी पौर्णिमा
कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या पाण्यात ढकलतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रूझचं वेळापत्रकही त्याच पावसाच्या तालावर चालतं. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबई-गोवा-लक्षद्वीपचा खरा मोसम ऑक्टोबर ते मे. पावसाच्या चार महिन्यांत चेन्नईचा किनारा नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आडोशाला असतो, त्यामुळे जहाजं तिकडे वळतात. जून २०२२ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी चेन्नईहून अशाच एका सफरीला झेंडा दाखवला, आणि जून २०२३ मध्ये चेन्नईहून श्रीलंकेच्या हंबनटोटाकडे जहाज निघालं. ऑक्टोबर ते डिसेंबर मात्र वादळं पूर्वेला येतात. तेव्हा चेन्नई टाळा आणि पश्चिम किनारा धरा.

बसवनगुडीकरांसाठी सोपी खूण आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची कडलेकाई परिषे, म्हणजे आपली शेंगदाण्यांची जत्रा, आटोपली की अरबी समुद्रावर जायला सगळ्यात छान दिवस सुरू होतात.

आपल्या आजी-आजोबांची क्रूझ: कोकणबोट
बोटीने सुट्टीला जाणं मराठी माणसाला मुळीच नवं नाही. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी मुंबईत बांधलेल्या भाऊच्या धक्क्यावरून पिढ्यानपिढ्या चाकरमानी गावी गेले. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत बोट पणजीला लागायची. बंदरात धक्का नसला तर बोट खोल पाण्यात नांगर टाकायची आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला यायचे. ‘रोहिणी’, ‘चंपावती’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं जुन्या कोकणी माणसाला अजून आठवतात. रात्री डेकवर वळकटी पसरायची, डबा उघडायचा, कुणीतरी भजन धरायचं. पावसाळ्यात बोटी बंद. १९९०च्या दशकात दमानिया कंपनीचं वेगवान कॅटामरान मुंबई-गोवा धावलं. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे कान्होजी आंग्र्यांचं नाव घेतलेलं जहाज याच मार्गावर आलं.

समुद्र चेष्टेचा विषय नाही
१७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग-रेवस भागातल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. म्हणून जहाजावर चढल्या चढल्या जी सुरक्षा कवायत होते, ती कंटाळवाणी वाटली तरी मन लावून करा. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे संकटाचा इशारा. तो ऐकला की ठरलेल्या जागी जमायचं आणि जीवरक्षक जाकीट घालायचं. १९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि दोनच वर्षांत सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. या कवायती त्याच परंपरेतल्या आहेत.

‘एम्प्रेस’ नावाची दोन जहाजं
सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून निघणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या साँ-नाझेरला बांधलं गेलं. तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं. त्याची लांबी २११ मीटर आहे.

दुसरी गोष्ट याहून रंजक आहे. १८९१ साली बांधलेलं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज कॅनडाची कंपनी प्रशांत महासागरात चालवत असे. १९१४ साली ते ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे आलं, ‘लॉयल्टी’ नावाने पहिल्या महायुद्धात इस्पितळ-जहाज झालं, आणि मग सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ते घेतलं. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय मालकीच्या जहाज-व्यवसायाचा तो मोठा टप्पा मानतात, आणि म्हणूनच ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे.

टनांमध्ये मोजतात, पण ते वजन नाही
जाहिरातीत ‘४८ हजार टनांचं जहाज’ असं वाचलं तर तो आकडा जहाजाच्या आतल्या एकूण जागेचा समजा. वजनाशी त्याचा संबंध नाही. टायटॅनिकचा आकडा होता ४६,३२९, मुंबईच्या एम्प्रेसचा ४८,५६३. मोजण्याच्या पद्धती त्या काळी आणि आज थोड्या वेगळ्या आहेत, तरी अंदाज येतो. २०२४ मध्ये मायामीहून निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चा आकडा अडीच लाखांच्या जवळ आहे. त्यावर २० मजले आहेत आणि जास्तीत जास्त सुमारे ७,६०० प्रवासी मावतात. एवढ्या अजस्र जहाजावर समुद्र कमी आणि गर्दी जास्त दिसते. मला मध्यम आकाराचं जहाज आवडतं. त्यावर दोन दिवसांत चेहरे ओळखीचे होतात आणि डेकवर कठड्याशी जागा मिळते.

जहाजांचंही वय होतं
१९९० सालीच इटलीत बांधलेलं, रेन्झो पियानो या नामवंत वास्तुविशारदाचा हात लागलेलं ‘क्राऊन प्रिन्सेस’ पुढे ‘कर्णिका’ नावाने २०१९ साली मुंबईत आलं. २०२० मध्ये कोविडने सगळ्या सफरी थांबवल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘कर्णिका’ गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत गेली. अलंगच्या रस्त्यालगतच्या दुकानांत अशा जहाजांवरची कपाटं, गाद्या, बशा, आरसे विकायला मांडलेले असतात. जगातल्या कुठल्या कुठल्या जहाजावरची खुर्ची आज सौराष्ट्रातल्या एखाद्या ओसरीवर असेल!

बोट लागते का?
“मध्येच बोट लागली तर उतरता येतं का गं?” असं आमच्या गल्लीतल्या एका आजींनी विचारलं होतं. प्रश्न अगदी रास्त आहे. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात. ते डावी-उजवीकडचं हेलकावणं बरंच कमी करतात, त्यामुळे चांगल्या मोसमात बहुतेकांना काही होत नाही. तरीही काळजी घ्यायची असेल तर हे करा:

• खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हेलकावे सगळ्यात कमी बसतात. टोकाच्या आणि वरच्या खोल्यांत सगळ्यात जास्त.
• पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्या.
• मळमळायला लागलं की मोबाइल खाली ठेवा, डेकवर मोकळ्या हवेत जा आणि क्षितिजाकडे पाहा.
• अ‍ॅव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते आणि तिने झोप येते. बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खिडकी घ्यावी का?
आतली खोली सगळ्यात स्वस्त असते. तिला खिडकी नसते, दिवे मालवले की दिवस-रात्र कळत नाही. मग समुद्र दिसणारी खोली, त्यावर बाल्कनीची, आणि सगळ्यात वर स्वीट. माझं मत स्पष्ट आहे: तरुण मित्रमंडळींनी आतली घ्यावी, कारण ती खोलीत फक्त झोपायला जातात. आईबाबांना मात्र खिडकीची खोली घेऊन द्या. पहाटे चारला जाग आल्यावर पडल्या पडल्या पाणी दिसणं ही त्यांची सगळ्यात मोठी चैन असते.

जाहिरातीतली किंमत आणि खरी किंमत
भाडं बहुधा ‘दोघांत एक खोली’ धरून माणशी दिलेलं असतं. एकट्याने गेलं तर बरंच जास्त पडतं. त्यावर बंदर-शुल्क, जीएसटी आणि कर्मचाऱ्यांसाठीचा सेवा-आकार येतो. मुख्य भोजनगृहातलं जेवण, करमणुकीचे कार्यक्रम, तरणतलाव भाड्यात येतात. शीतपेयं आणि मद्य, खास रेस्टॉरंटं, स्पा, वाय-फाय आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुतेक जहाजांवर वेगळ्या. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दाखवलं की खर्च खात्यावर चढतो. रोज संध्याकाळी खातं तपासा. मोबाइल ‘विमान मोड’वर टाका, कारण भर समुद्रात जहाजाचं उपग्रह-नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर बिल फुगतं. एकूण खर्च काढताना जाहिरातीतल्या आकड्याच्या दीडपट धरून ठेवा, म्हणजे मन मोकळं राहतं.

पानात काय?
मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची नीट सोय असते. न्याहारीला इडली-डोसाही मिळतो. गांधी बझारातल्या, १९४३ पासूनच्या विद्यार्थी भवनचा लोण्याने थबथबलेला डोसा आणि ब्राह्मिन्स कॉफी बारची चटणी ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांनी तुलना बंदरातच सोडावी आणि समोरचं चवीने खावं. परदेशी कंपनीचं जहाज असेल तर शाकाहारी जेवणाची नोंद आरक्षण करतानाच करा. बाहेरचं अन्न बहुधा चढवू देत नाहीत. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांनाही बंदी असते. समुद्रावर आगीइतका मोठा धोका दुसरा नाही. देवपूजा करणाऱ्यांनी निरांजनाऐवजी मनोभावे हात जोडावेत.

आणि हात धुवा. एवढी माणसं एकाच ठिकाणी जेवतात, त्यामुळे पोटाचे संसर्ग झपाट्याने पसरतात. सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी जास्त भरवशाचं.

१२ सागरी मैलांची रेघ
एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. देशाची प्रादेशिक हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. तीस मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज जेमतेम वीस किलोमीटरवर दिसतं. १२ मैलांची ही रेघ ओलांडेपर्यंत सखल किनारा बहुतेक पाण्याआड गेलेला असतो, उरतात ते मागचे डोंगर. हद्दीबाहेर गेल्यावर कॅसिनो उघडतो आणि लोक तिकडे वळतात. तुम्ही वरच्या डेकवर जा. पठारावर आयुष्य काढलेल्या माणसाला चारही बाजूंनी पाणी पाहायची संधी दरवर्षी मिळत नाही.

एका रात्रीत जागतिक वारशाचे चार जलदुर्ग
मुंबई-गोवा मार्गावर खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे चार जलदुर्ग लागतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत हे चारही आहेत. या बारांत तमिळनाडूतला जिंजीही आहे. जहाज अंधारात जातं, त्यामुळे किल्ले दिसतीलच असं नाही, पण खांदेरीचं दीपगृह मुंबई सोडल्यावर लवकरच लुकलुकतं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर ‘आंग्रिया बँक’ नावाचं बुडीत प्रवाळ-पठार आहे. आरमारप्रमुख आंग्र्यांचं नाव असं समुद्राच्या तळावरही कोरलेलं आहे.

ज्या शहाजीराजांनी १६३८ नंतर बेंगळुरूची जहागीर सांभाळली, त्यांच्या मुलाने, शिवाजी महाराजांनी, १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. बेंगळुरूच्या मराठी मुलांना ही गोष्ट डेकवर उभं करून सांगावी.

लक्षद्वीप: पुन्हा एकदा पडाव
लक्षद्वीपच्या उथळ खाजणांत मोठी जहाजं शिरत नाहीत. ती दूर थांबतात आणि प्रवासी छोट्या बोटींतून बेटावर जातात, थेट आजोबांच्या पडावासारखे. लाटेवर बोट वर-खाली होत असताना पाय टाकायचा असतो. गुडघे दुखत असतील तर आधी नीट चौकशी करा. भारतीयांनाही तिथे जायला परवाना लागतो, तो सफरीची कंपनी काढून देते. जहाजाच्या झगमगाटाशिवाय जायचं असेल तर कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाची ‘समुद्रम्’ सहल आहे. ‘एम. व्ही. कवरत्ती’ जहाजाने कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटं पाहायची, रात्री जहाजावर झोपायचं. साधी, स्वच्छ, आणि समुद्राच्या फार जवळची.

अठरा वर्षांची प्रवासी
७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. नुकतीच अठरा पूर्ण झालेली, नवरा सोबत नाही, समुद्र ओलांडणं धर्मबाह्य मानणारा काळ, आणि जवळजवळ दोन महिने पाणी. त्यांनी तो प्रवास डॉक्टर होण्यासाठी केला. आपल्या तीन रात्रींच्या सहलीला भिणाऱ्या मैत्रिणींना मी हीच गोष्ट सांगते.

ज्यांच्यामुळे जहाज चालतं
गोव्याच्या गावागावांत ‘तारवटी’ असतात, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. मुंबईच्या धोबी तलाव भागात त्यांच्या गावांचे क्लब आहेत. जहाज मिळेपर्यंत तारवटी तिथे राहत. आजही जगभरच्या क्रूझवर गोव्याचे, कोकणाचे, केरळचे आचारी, वादक, खोल्या आवरणारे भेटतात. ते महिनोन्महिने घरापासून दूर असतात. त्यांना नावाने हाक मारा, गाव विचारा. बिलातून सेवा-आकार वगळायला लावू नका.

आईबाबांना न्यायचं असेल
वयस्कर माणसांना क्रूझ खूप मानवते. सामान एकदाच उघडायचं, रोज हॉटेल बदलायचं नाही, लिफ्ट आहे, दवाखाना आहे. जहाजावरचा डॉक्टर महाग पडतो, म्हणून प्रवास-विमा काढाच. सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला काही तास लागतात. गोव्याला उतरलात तर एकच ठिकाण पाहा आणि वेळेच्या तासभर आधी परत या. कंपनीच्या सहलीने गेलात तर उशीर झाल्यास जहाज थांबतं. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर थांबत नाही.

पहिल्यांदा जाताय?
नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पश्चिम किनाऱ्यावरून, दोन किंवा तीन रात्रींची सफर घ्या. मधला खालचा मजला, परवडत असेल तर खिडकी. मार्ग असा निवडा की त्यात एक पूर्ण दिवस नुसत्या समुद्राचा असेल. अनेक जण नेमका तोच दिवस ‘वाया’ धरतात. त्या दिवशी सूर्योदयाला तासभर आणि रात्री दिव्यांपासून लांबच्या डेकवर तासभर, घरच्या सगळ्यांना घेऊन जा. हे दोन तास आवडले, तर पुढच्या वेळी लांबचा प्रवास करा. नाही आवडले, तर पैसे डोंगरासाठी राखून ठेवा. कुर्ग जवळच आहे.